कडुनिंबाच्या सावलीतली गाडी: रस्त्यावरचं पार्किंग कोण ठरवतं, कसं ठरवतं

आमच्या ले-आउटची, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीची गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे लागते, तिथे कोपऱ्यावर एक जुना कडुनिंब आहे. मार्च संपत आला की त्याच्याखाली सकाळी साडेआठलाच गाड्या लागायला सुरुवात होते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारभर उन्हात राहिलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला कसं लागतं हे ज्याला माहीत आहे, तो सावली सोडून गाडी लावणार नाही. म्हणून गाडी लावणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. पण दोन उन्हाळ्यांमागे शेजारच्या काकू स्कूटीवरून भाजी आणायला निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, उजवीकडे पाहिलं, गाड्यांमुळे काही दिसेना म्हणून जराशा पुढे सरकल्या, आणि उजवीकडून आलेल्या मोटरसायकलची धडक बसली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग कितीतरी महिने हातात काठी. तो मुलगा काही सुसाट येत नव्हता. काकूंनीही थांबून पाहिलं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही, कारण मध्ये गाड्या उभ्या होत्या.

त्यानंतर आम्ही पाच-सात जणांनी ठरवलं की हा कोपरा मोकळा करून घ्यायचा. वाटलं होतं, एक अर्ज दिला की फलक लागेल. प्रत्यक्षात त्या एका कोपऱ्यासाठी कायदा वाचावा लागला, टेप घेऊन रस्ता मोजावा लागला, आणि ज्यांच्या गाड्या तिथे लागायच्या त्यांच्याशी बसून बोलावं लागलं. या सगळ्यात जे समजलं ते इथे लिहितोय, कारण असे कोपरे खामल्यात आहेत, मानेवाड्यात आहेत, महालात तर पावलोपावली आहेत.

आपल्याकडे पार्किंगची चर्चा नेहमी जागेवर येऊन थांबते. गाड्या वाढल्या, जागा तेवढीच, करायचं काय? माझं मत असं झालंय की हा प्रश्न आधी नजरेचा आहे, मग वेगाचा, आणि जागेचा सगळ्यात शेवटी. त्याच क्रमाने सांगतो.

कोपऱ्यावरून किती दिसतं?

गल्लीतून कार बाहेर काढताना चालकाचे डोळे बोनेटच्या टोकापासून साधारण दोन मीटर मागे असतात. गाडीचं नाक रस्त्याच्या कडेला पोचतं तेव्हा डोळे अजून गल्लीतच असतात. उजव्या हाताला कडेला लागलेली गाडी जवळपास दोन मीटर रुंदी खाते. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे गल्लीच्या जवळच्या पट्ट्यात येणारं वाहन उजवीकडूनच येतं, तेही उभ्या गाड्यांना जवळजवळ खेटून. मी हे चित्र वहीत काढलं आणि शाळेतली समरूप त्रिकोणांची भूमिती लावली.

पहिली उभी गाडी चालकाच्या नजरेपासून आडवी ३ मीटरवर असेल, तर येणारं वाहन जेमतेम पावणेचार मीटरवर आल्यावर दिसतं. तीच गाडी १० मीटरवर असेल तर साडेबारा मीटरवरून दिसतं. २२ मीटरवर असेल तर साडेसत्तावीस मीटरवरून. हिशेब ढोबळ आहे, रस्त्याची वळणं आणि गाडीची उंची यात धरलेली नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

आता येणाऱ्याच्या बाजूने पाहा. ताशी ३० किलोमीटरने येणारं वाहन एका सेकंदात सव्वाआठ मीटर पुढे जातं. समोर काहीतरी आलं हे डोक्यात शिरून ब्रेक दाबला जाईपर्यंत एक सेकंद धरू. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. एकूण तेरा-सव्वातेरा मीटर. वेग ५० असेल तर त्या पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४. एकूण २८. म्हणजे ३० वाला जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथे ५० वाल्याने अजून ब्रेकला हातसुद्धा लावलेला नसतो. हे वाक्य मी आमच्या बैठकीत तीनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसला नाही.

दोन्ही हिशेब एकावर एक ठेवले की चित्र उघड होतं. कोपऱ्यापासून साधारण १० मीटर जागा मोकळी असेल, तर ३० च्या वेगाने येणाऱ्याला कसंबसं थांबता येतं. ५० च्या रस्त्यावर वीस-बावीस मीटर तरी मोकळे हवेत. आणि गाडी अगदी कोपऱ्यालाच लावलेली असेल तर थांबण्याचा प्रश्नच उरत नाही, दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत गाडी उभी करायला मनाई आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फारच वाटलं. ५० मीटर म्हणजे एकामागे एक नऊ-दहा कार. जुन्या ले-आउटमध्ये एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत कधीकधी एवढंच अंतर असतं, तिथे हा नियम अक्षरशः लावला तर एकही गाडी लागणार नाही. म्हणून माझं प्रामाणिक मत असं: वर्धा रोड, सीए रोड, वेस्ट हायकोर्ट रोड अशा मोठ्या रस्त्यांच्या चौकांत ५० मीटरचा आग्रह धरावा, आणि ले-आउटच्या आतल्या गल्ल्यांत निदान पहिल्या दोन गाड्यांची जागा कोणत्याही सबबीवर भरू देऊ नये. जो नियम कुठेच पाळला जात नाही त्यापेक्षा सगळीकडे पाळले जाणारे १० मीटर जास्त जीव वाचवतील.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात होबोकन नावाचं छोटं, दाटीवाटीचं शहर आहे. त्या शहराने चौकांचे कोपरे मोकळे करण्याचं काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं: रस्ता दुरुस्तीला घेतला की कोपऱ्यावरची पार्किंगची जागा काढून तिथे खांब, झाडांच्या कुंड्या, सायकल स्टँड असं काहीतरी ठेवायचं, म्हणजे गाडी पुन्हा येऊन उभी राहत नाही. सोबत वेगमर्यादा कमी केली, झेब्रा पट्टे ठळक केले. जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून जास्त काळ त्या शहरात रस्ते अपघातात एकही जीव गेला नाही. आपलं शहर वेगळं आहे, मोठं आहे, दुचाकींचं आहे. पण उभ्या गाडीच्या आरपार दिसत नाही ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. मोठी माणसं निदान गाडीच्या टपावरून डोकावतात. सहा-सात वर्षांचं मूल आजकालच्या उंच गाडीमागे जवळजवळ पूर्ण झाकलं जातं. शाळा सुटताना दोन उभ्या व्हॅनच्या फटीतून ते रस्त्यावर येतं तेव्हा येणाऱ्याला ते आधी दिसतच नाही. म्हणून शाळेच्या फाटकासमोर गाडी उभी करायला २०१७ च्या त्याच नियमांत मनाई आहे. तिथे "दोनच मिनिटं काका, पोराले घेऊन येऊन राहिलो" म्हणणाऱ्यांमध्ये आपणच पालक असतो.

आणि दार. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे डावीकडे लावलेल्या गाडीचं चालकाचं दार वाहत्या रस्त्यावर उघडतं. ते डाव्या हाताने उघडायची सवय लावा. डावा हात उजव्या दाराकडे नेताना खांदा आणि मान आपोआप मागे वळते, आणि मागून येणारी स्कूटी दिसते. एवढीशी गोष्ट, पण मी घरातल्या सगळ्यांना लावली आहे.

रस्ता मोकळा केला की वेग वाढतो

कोपरा मोकळा करा हे पटलं की बैठकीत पुढचं वाक्य लगेच येतं: मग सगळाच रस्ता मोकळा करून टाका ना, दोन्ही बाजूंनी नो पार्किंग! मीही आधी याच मताचा होतो.

समजा रस्ता ९ मीटर रुंद आहे. दोन्ही कडांना गाड्या लागल्या की मध्ये ५ मीटर उरतात. त्यात समोरासमोर दोन कार आल्या तर दोघांना हळू व्हावंच लागतं. त्रास होतो, हॉर्न वाजतात, पण वेग विशी-पंचविशीच्या वर जात नाही. आता सगळ्या गाड्या उचला. तोच रस्ता एकदम ९ मीटरचा, सरळ, त्यात आपल्याकडे तो सिमेंटचा. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. मघाचा हिशेब आठवा: ३० चे ५० झाले की थांबायचं अंतर दुपटीहून जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो की रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते.

म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली पार्किंग काढलं आणि मोकळी झालेली रुंदी नुसती वाहनांना देऊन टाकली, तर रस्ता आधीपेक्षा धोकादायक होऊ शकतो. त्या रुंदीचं काय करणार, हा खरा प्रश्न. फुटपाथ करणार? रस्ता ओलांडताना मध्ये थांबायला जागा करणार? झाडं लावणार? हे आधी ठरलं नसेल तर घाई करू नये.

नागपुरात हे जास्त लागू पडतं, कारण सिमेंटच्या रस्त्यांच्या कडेला आपण गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवतो आणि त्यालाच फुटपाथ समजतो. तो रस्त्याच्या पातळीला असल्यामुळे त्यावर सरळ गाडी चढते. पायी चालणारा मग गाड्यांच्या बाहेरून, म्हणजे वाहतुकीतूनच चालतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे फुटपाथवर निदान १.८ मीटर रुंदी चालायला पूर्ण मोकळी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींजवळून जातील एवढी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की पायी चालणाऱ्यांना वापरता येतील असे फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवर होती आणि साधारण २० टक्के पायी चालत होती. पार्किंगच्या बैठकीला हीच माणसं क्वचित येतात. येतात ते चारचाकीवाले आणि दुकानदार.

एकेरी मार्गाचंही तसंच. समोरून कोणी येणार नाही या भरवशावर वेग वाढतो, आणि लांबचा वळसा टाळायला दुचाकी उलट्या बाजूने येऊ लागतात. एकेरी करू नये असं नाही. इतवारी-गांधीबागेच्या काही गल्ल्यांत दुसरा मार्गच नाही. पण एकेरी मार्ग केला की गतिरोधक, अरुंद केलेला चौक असं काहीतरी सोबत हवंच.

निर्णय कोणाचा?

इथे आमचे पहिले तीन महिने गेले. मनपाच्या झोन कार्यालयात गेलो तर वाहतूक पोलिसांकडे जा म्हणाले, तिकडे गेलो तर रस्ता कोणाचा आहे ते आधी पाहा म्हणाले. तेव्हा राग आला होता. नंतर कायदा वाचला तेव्हा लक्षात आलं की तिघांचाही यात खरोखर वाटा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११७ सांगतं की गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहतील ते राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवेल, पण स्थानिक संस्थेशी, म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेशी, सल्लामसलत करून. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अधिसूचना काढतात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात एक महत्त्वाची भर घातली: जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि सुरळीत वाहतूक यांना प्राधान्य द्यायचं. अर्ज करणाऱ्याने हे वाक्य पाठच करून ठेवावं. "आमच्या दारासमोर दुसऱ्याच्या गाड्या लागतात" या तक्रारीला कायद्यात फार आधार नाही, कारण सार्वजनिक रस्ता माझ्या दारासमोरचा असला तरी माझा नसतो. "इथे गाडी उभी राहिल्यामुळे येणारं वाहन दिसत नाही" या तक्रारीला मात्र पूर्ण आधार आहे.

कलम ११५ वाहतुकीवर बंधनं घालण्याबद्दल आहे. त्यातली बारीक पण कामाची गोष्ट अशी की बंधन एक महिन्यापेक्षा जास्त चालणार असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, एक महिना किंवा त्याहून कमी असेल तर स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. "प्रायोगिक तत्त्वावर" हे शब्द वाहतूक शाखेच्या आदेशांत वारंवार दिसतात त्यामागे हेही एक कारण असावं. मला ही वाट फार चांगली वाटते. आधी महिनाभर करून पाहा, मोजा, लोकांच्या हरकती आणि सूचना घ्या, मग कायम करा. फलक लावण्याचा अधिकार कलम ११६ मध्ये आहे.

रस्ता कोणाचा, हाही प्रश्न उरतो. नागपुरात काही रस्ते मनपाचे, काही नागपूर सुधार प्रन्यासचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. पट्टे मारणं, खांब रोवणं, फुटपाथ उंच करणं हे काम रस्त्याच्या मालकाचं. सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असं कलम १९८-अ सांगतं. हेही २०१९ चंच.

दंडाबद्दल थोडक्यात: चुकीच्या जागी गाडी लावली तर पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. गाडी उचलून नेण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार कलम १२७ मधून येतो, आणि तो गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीने वापरायचा असतो. टोइंगच्या गाडीवरची मुलं स्वतःच्या मर्जीने कोणाची गाडी उचलू शकत नाहीत.

दुकानदार, दवाखाने आणि दीक्षाभूमी

धरमपेठ, गोकुळपेठ, बर्डी, सक्करदरा, कुठेही जा, दुकानदार एकच सांगतात: पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक येणार नाही. ही भीती खरी आहे, तिला उडवून लावू नये. पण एक साधा गुणाकार करून पाहा. दुकानांच्या ओळीसमोर १० गाड्यांची जागा आहे आणि बाजार १० तास चालतो. सकाळी दुकानाचे मालक आणि कामगार आपल्याच गाड्या तिथे लावून गेले, तर दिवसभरात १० गाड्या. तीच जागा प्रत्येकी एका तासासाठी ठेवली तर १०० गाड्या. जागा इंचभरही न वाढवता गिऱ्हाइकांना दहापट जागा मिळाली. वेळेची मर्यादा आणि थोडं शुल्क यांचा उद्देश हाच असतो. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आयुष्यभर हेच मांडलं: दर एवढाच ठेवा की प्रत्येक ओळीत एखाद-दुसरी जागा नेहमी रिकामी राहील, म्हणजे जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्याच राहणार नाहीत. आपल्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगच्या दरात जमिनीची किंमत दिसावी असं म्हटलंय.

सम-विषम पार्किंग, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला, हा तोडगा यामुळेच लोकप्रिय आहे. दोन्हीकडच्या दुकानदारांना सारखा वाटा मिळतो आणि रस्ता एका बाजूने मोकळा राहतो. पण फलक दोन्ही टोकांना ठळक हवेत. बाहेरगावचा माणूस तारीख पाहून गाडी लावत नाही.

धंतोली आणि रामदासपेठचं दुखणं वेगळं. तिथे दवाखाने दाटीने आहेत आणि रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाला तासाभरात गाडी काढ असं सांगता येत नाही. धंतोलीच्या रहिवाशांचं म्हणणं तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. माझ्या मते इथला प्रश्न रस्त्यावर सुटणारच नाही, तो इमारतीत सुटेल. बांधकामाच्या नियमांत प्रत्येक इमारतीला वापराच्या प्रमाणात पार्किंग ठेवणं बंधनकारक असतं. तळघरातलं पार्किंग कागदावर आहे आणि प्रत्यक्षात तिथे दुकान, लॅब किंवा गोदाम आहे, असं जिथे असेल तिथे रस्त्यावरचे पट्टे कितीही मारले तरी उपयोग नाही. जपानात कार घेण्याआधी ती लावायला जागा आहे याचा दाखला द्यावा लागतो, १९६० च्या दशकापासून. महाराष्ट्रात अशी अट आणण्याबद्दल परिवहन मंत्री प्रताप सरनाईक २०२५ मध्ये बोलले आहेत.

आणि पार्किंगचा निर्णय लोकांना विश्वासात न घेता झाला की काय होतं, हे नागपूरने डोळ्यांनी पाहिलंय. दीक्षाभूमीच्या विकासकामात भूमिगत पार्किंगचं खोदकाम सुरू झालं. स्तूपाला धोका पोचेल, ही अनुयायांची काळजी होती. १ जुलै २०२४ ला हजारो लोक जमले, संताप उसळला, आणि त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात त्या कामाला स्थगिती दिल्याचं सांगितलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं तिथे येतात, त्यांतली कितीतरी चालत, बसने, रेल्वेने. ज्यांच्यासाठी सोय करायची त्यांना गाड्यांची जागा हवी की मोकळं मैदान, हे आधी विचारलं असतं तर ती वेळ आली नसती.

अपघात होण्याची वाट का पाहायची?

सरकारी भाषेत "ब्लॅक स्पॉट" म्हणजे साधारण ५०० मीटरचा असा पट्टा, जिथे तीन वर्षांत गंभीर किंवा प्राणघातक असे ५ अपघात झाले किंवा १० मृत्यू झाले. आमचा कोपरा या व्याख्येत कधीच बसणार नाही, आणि बसू नये. आनंदाची गोष्ट म्हणजे अपघाताआधीच्या खुणा वाचायचा प्रयत्न नागपुरातच झाला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात "आपली बस" या शहर बससेवेच्या (जुनी मंडळी अजून स्टार बसच म्हणतात) गाड्यांवर कॅमेरे बसवले गेले. बस पुढच्या वाहनाच्या फार जवळ गेली, कोणी अचानक आडवं आलं, की त्याची नोंद होते. अशा नोंदी जिथे वारंवार होतात त्या जागांना "ग्रे स्पॉट" म्हणतात, म्हणजे उद्याचे ब्लॅक स्पॉट.

आपल्या गल्लीसाठी कॅमेरा लागत नाही. आम्ही एका मंगळवारी आणि एका शनिवारी, सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते सात, खुर्च्या टाकून बसलो. कोणती गाडी किती वेळ उभी राहते, किती जणांना अचानक ब्रेक मारावा लागला, किती माणसं फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरली, एवढंच वहीत लिहिलं. टेपने रस्त्याची रुंदी मोजली, स्कूटीवर बसून डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढले. हे सगळं एका पानाच्या अर्जाला जोडून एक प्रत वाहतूक उपायुक्तांकडे, एक मनपाच्या वाहतूक विभागाकडे, दोन्हीकडून पोच घेऊन. उत्तर येईना तर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात विषय नेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही असते. मागणी नेमकी ठेवा. "पार्किंगची समस्या सोडवा" या अर्जावर कोणी काही करू शकत नाही. "गल्लीच्या तोंडापासून उजवीकडे १५ मीटर पिवळा पट्टा आणि दोन खांब, एक महिना प्रायोगिक" यावर सही होऊ शकते.

त्या वहीतून आम्हाला अनपेक्षित गोष्ट कळली. कडुनिंबाखालच्या बहुतेक गाड्या रोज त्याच होत्या, जवळच्या एका क्लासमधल्या शिकवणाऱ्यांच्या. सकाळी लागायच्या, संध्याकाळी निघायच्या. आम्ही त्यांना भेटलो, काकूंचं सांगितलं, वहीतलं चित्र दाखवलं. एक सर म्हणाले, "आम्हाले तर फक्त सावली पाहिजे न भाऊ." ले-आउटमध्ये एक रिकामा प्लॉट आहे. मालकाला फोन केला, त्यांनी उन्हाळ्यापुरती परवानगी दिली, वर्गणी काढून वर हिरवी जाळी ताणली. आठवड्याभरात कोपरा रिकामा झाला. पिवळा पट्टा नंतर आला. फलक अजून यायचा आहे, त्याच्यासाठी फेऱ्या सुरूच आहेत.

झाडाखाली आता पाणपोई आहे. माठ कडेपासून आत आणि बुटक्या ओट्यावर ठेवलेत, नजरेच्या आड येऊ नयेत म्हणून. परवा काकू पहिल्यांदा पुन्हा स्कूटीवर बसल्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, उजवीकडे पाहिलं. तिथून आता पुढचा विजेचा खांब दिसतो. मी टेप लावून मोजलंय, एकवीस मीटर.